खिडकीतली डबी

आमच्या घरात इंटरनेट स्वयंपाकघरातून येतं. सिमकार्ड घातलेली पांढरी डबी असते ना, ती तिथल्या खिडकीत ठेवली तरच तिला रेंज मिळते. वायरची जोडणी घ्यायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल, आणि घरमालक साधा खिळा ठोकू देत नाही. म्हणून माझी थोरली लेक ओट्याशेजारी टेबल टाकून नोकरी करते. एका मोठ्या रुग्णालयाचे फोन घेते. डॉक्टर कधी भेटतील, रिपोर्ट कुठे मिळेल, उपाशीपोटी यायचं का. ती बोलत असली की मी कुकर लावत नाही, भांडी विसळत नाही.

संसार मोडून ती परत आली तेव्हा तिच्या वडिलांनी बॅग आत घेतली आणि विचारलं, "किती दिवस?"  थोड्याच दिवसांत ती स्वतःच्या नावावर ही डबी घेऊन आली आणि कामाला लागली. नोकरीत कायम झाली की वेगळी खोली बघणार होती. हे फक्त मला ठाऊक होतं.

डबी तिची, पण नेट सगळ्यांचं. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी पासवर्ड मिळतो. ह्यांना त्यात मोठेपणा वाटतो. तिने एकदा तो बदलला तर हे जेवताना बोलेनासे झाले. "माझ्याच घरात मला कुलूप?" तिने मुकाट्याने जुना पासवर्ड परत ठेवला. डेटा संपत आला की ती विनवायची, "बाबा, जरा व्हिडिओ बंद करा ना."

"तुझं काम नुसतं बोलायचं. बोलायला असं कितीसं नेट लागतं?"

कायम करायचं की नाही हे ठरवायला तिच्या वरिष्ठ बाई एक दिवस तिचे फोन ऐकणार होत्या. नेमके आदल्या संध्याकाळी मुलगा आणि सून सहलीवरून परतताना आमच्याकडे उतरले. ह्यांनी दारातच पासवर्ड सांगितला. सकाळी थोरलीने सगळ्यांना नेट सोडायला लावलं.

"हो, बाईसाहेब," मुलगा हसला आणि हातातला फोन तिच्यासमोर बंद केला. फोटोंसाठी ठेवलेला दुसरा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, तो त्याच्या ध्यानातही नव्हता.

एक बाई विचारत होती, ऑपरेशनच्या आधी वडिलांची रोजची गोळी चालू ठेवायची का. थोरली शांतपणे सांगत होती. इकडे मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, पण तिकडे काहीच पोचत नव्हतं. "हॅलो? अहो, आहात का?" असं पलीकडून स्पीकरवर दोनदा आलं आणि मग तेही थांबलं. पुढचं उत्तर त्या बाईला वरिष्ठांनीच दिलं.

नंतर त्यांनी थोरलीला सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण अशा जोडणीवर कायम कसं करणार? वायरची लाईन आली की कळवा. तोवर तासाच्या पैशांवर काम करा."

मुलगा म्हणाला, "मग घेऊन टाका ना लाईन. आजकाल डबीवर कोण घर चालवतं?" ह्यांनी मान डोलावली. "हिचं पहिल्यापासून असंच. आधी विचार नाही."

आतली खोली आवरायला गेले तेव्हा तो दुसरा फोन दिसला. सहलीचे फोटो एकामागून एक नेटवर चढत होते. नेट मिळालं की आपोआप चढतील असंच त्याने करून ठेवलं होतं.

ती दोघं गेल्यावर मी थोरलीला ते सांगितलं. "बोलू का त्याच्याशी?"

"नको. त्याला वाईट वाटेल. मग त्याची समजूत काढत मीच बसायचं."

तोंड धुऊन ती पुन्हा टेबलाशी बसली. वेगळ्या खोलीचा विषय तिने परत काढला नाही. मला मात्र राहवेना. मी घरमालकाकडे गेले आणि एका भोकासाठी हात जोडले.

"साहेबांना पाठवा," तो म्हणाला. "ते बोलले तर बघू."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे मोबाईलवर मॅच बघत होते. मान वर न करता म्हणाले, "जाईन कधीतरी. एवढी घाई कसली आहे? चाललंय की नेट."