जिनलचा उजवा गुडघा

माझा आवाज मोठा आहे आणि घाई त्याहून मोठी. अक्कलकुव्याच्या शाळेत बारा वर्षं मी पोरींना खो-खो शिकवते आहे. पोरी माझ्या पाठीमागे मला ‘शिट्टी मॅडम’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि ते खोटंही नाही. तेव्हा जिनलची गोष्ट सांगताना मी स्वतःला साळसूद ठरवणार नाही. तिच्या गुडघ्याचं जे झालं त्यात माझा हात आहे.

जिनल महावीर सेठची मुलगी. मोलगी रस्त्याला लागायच्या आधी त्यांचं दुकान आहे. दोर, घमेली, खिळे, पत्रे, कुदळीचे दांडे असला सगळा माल. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं तिथे उभी राहून दोर ताणून बघतात. हे मारवाडी जैन कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलं आणि इथलंच झालं. पोरगी घरी मारवाडी बोलते, मैदानावर अहिराणी, माझ्याशी पुस्तकातली मराठी, आणि डोंगरातून येणाऱ्या, तिच्याच संघातल्या जागृतीकडून शिकलेल्या भिली शिव्या तिला सगळ्या पाठ आहेत. सहावीत ती खो-खोला आली तेव्हा मला वाटलं, सेठची लाडकी, आठ दिवसांत ऊन लागलं म्हणून घरी बसेल. ती बसली नाही. खांबाला वळसा घालताना ती इतक्या आतून वळायची की पळणारीला कळायच्या आत पाठीवर हात पडलेला असायचा.

सोळा वर्षांची असताना डिसेंबरात नंदुरबारच्या मैदानावर तोच वळसा घेताना तिचा उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग पुढे गेलं. ‘कट्’ असा आवाज मी बाकावरून ऐकला. धावत गेले. गुडघा दाबून पाहिला, जणू मी डॉक्टरच. दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो.

“काही नाही, चमकलंय,” मी म्हणाले. “बांधून देते. ऊठ वं, दोनच मिनिटं शेत.”

ती उठली. मी म्हणाले म्हणून उठली. चौथ्या पावलाला गुडघा बाजूला सरकला आणि ती अशी पडली की मला शिट्टी वाजवायचंही सुचलं नाही.

सुरतेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं की लिगामेंट पूर्ण तुटलंय आणि गुडघ्यातली गादीही फाटलीय. गादी बहुतेक दुसऱ्यांदा पडल्यावर फाटली असावी, हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. महावीरभाऊ मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग तेल, शेक, पट्टे, ज्याच्या त्याच्या मावशीचा सल्ला, मधेच परीक्षा, असं करत ऑपरेशनला जून उजाडला. मांडीच्या स्नायूची कंडरा काढून तिचं नवं लिगामेंट बनवलं. डॉक्टरांची अट सोपी होती. नऊ महिने खेळ बंद. त्यानंतरही, एका पायावर लांब उडी मारायची. डाव्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के उजव्याची भरली पाहिजे. त्याआधी नाही.

जिनलने बोटांवर मोजलं आणि तिचा चेहरा पडला. अठरा वर्षांखालच्या जिल्हा संघाची निवड जानेवारीत होती. जानेवारीला भरत होते सात महिने. फेब्रुवारीत ती अठराची होणार होती, म्हणजे त्या गटातून राज्याला जायची ही शेवटची संधी. “मी सातव्या महिन्यात नव्वद करून दाखवते,” ती म्हणाली. डॉक्टर हसले. मी हसले नाही. मलाही जानेवारीच हवा होता.

घरी पहिली लढाई बर्फावरून झाली. जिनलची आजी रूपकंवर, घरच्यांच्या दादीसा, वय चौऱ्याहत्तर, धर्माची पक्की. बर्फात असंख्य जीव असतात म्हणून त्या घरात बर्फ येत नाही, आणि डॉक्टरांनी तर दिवसातून चारदा बर्फाने शेकायला सांगितलेलं. “बरफ म्हारे घर में कोनी आवै,” दादीसांनी सांगून टाकलं. शेवटी फार्मसीतून निळ्या जेलची पिशवी आणली. दादीसांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली, आत पाणी नाही याची खात्री करून घेतली आणि मग स्वतःच नातीच्या गुडघ्यावर ठेवली.

दुसरी अडचण व्यायामाची. मांडी घट्ट आवळून दहा सेकंद धरायची, सोडायची, असं दिवसातून शंभर वेळा. सांगायला सोपं. करताना डोळ्यांतून पाणी येतं आणि दहा सेकंद सहा सेकंदांतच संपतात. फोनमध्ये घड्याळ लावलं की जिनल फोनच बघत बसायची. त्यावर तोडगा दादीसांकडूनच निघाला. त्या रोज दोनदा सामायिक करतात. तोंडाला मुहपत्ती, म्हणजे पांढरी कापडी पट्टी, बांधून अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं, माळ जपायची, संसाराचं काही बोलायचं नाही. त्यांचा नवकार मंत्र पुटपुटून व्हायला बरोबर दहा सेकंद लागतात हे जिनलच्या लक्षात आलं. ती त्यांच्या शेजारी सतरंजीवर पाय लांब करून बसू लागली. एक नवकार मांडी आवळायची, दुसऱ्या नवकाराला सोडायची.

मी एकदा हे बघायला गेले आणि मला हसू आवरेना. सामायिकात बसलेल्या माणसाने दुसऱ्याला ‘व्यायाम कर’ असं म्हणायचंही नसतं. तेव्हा पोरीने चुकवलं की दादीसा नुसत्या खोकायच्या. खोकला वाढला की जिनल मांडी आवळायची. नंदुरबारच्या फिजिओथेरपिस्टने महिन्याभराने मांडीला टेप लावला आणि विचारलं, “घरी कोण करून घेतं?” जिनल म्हणाली, “खोकला.”

पाय उचलायच्या व्यायामाला वजन हवं होतं. महावीरभाऊंनी दुकानातली तराजूची लोखंडी मापं काढली. आधी अर्ध्या किलोचं, मग किलोचं, फडक्यात गुंडाळून सुतळीने घोट्याला बांधायचं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती गल्ल्यामागे बाकावर बसून पाय वर करायची. एकदा खिळे जोखायची वेळ आली आणि किलोचं माप पोरीच्या पायाला. गिऱ्हाईक थांबलं, तिचे दहा होईस्तोवर. कुणी कुरकुर केली नाही.

पण दहा आठवड्यांनी घात झाला, आणि तो यांच्याच घरात होऊ शकतो असा झाला. पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी. वर्षभर कुठे नाही गेलं तरी त्या दिवशी स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, जायचंच, म्हणून दादीसा तिला घेऊन गेल्या. तिच्यासाठी भिंतीशी खुर्ची ठेवली होती. चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी, महासतीजी, आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि सगळी सभा वंदनाला वाकली. हे वंदन म्हणजे खाली बसून, दोन्ही गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावायचं आणि उठायचं, तीन वेळा. तीन वर्षांची असल्यापासून जिनल ते करते. महासतीजी दिसल्या आणि ती खुर्चीवरून उठून सरळ खाली गेली. डोक्याला विचारलंच नाही, अंगानेच केलं. गुडघे फरशीला टेकले तेव्हा तिला आठवलं. तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी तपासून लिगामेंट शाबूत असल्याचं सांगितलं, पण चार आठवडे मागे गेलात म्हणाले. परतीच्या रस्त्यावर गाडीत जिनल पहिल्यांदा मोठ्याने रडली. “चार आठवडे कुठून आणू मी?” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दादीसा शेजारी बसून होत्या. आपणच नेलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

पुढच्या रविवारी त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. चौऱ्याहत्तरीतही खाली बसून, गुडघे टेकून तिन्ही वंदना करतात याचा त्या बाईला केवढा अभिमान! खुर्ची म्हणजे हरलेल्यांची, असं त्या उघड म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी स्थानकात दोन खुर्च्या शेजारी मांडायला लावल्या. महासतीजी आल्या तेव्हा सगळे खाली वाकले. दादीसांनी जिनलच्या मांडीवर हात दाबून ठेवला आणि स्वतःही खुर्चीवरूनच हात जोडले. “बैठी रह, छोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “म्हैं भी बैठी हूं.” पुढे चार महिने स्थानकात त्या खाली बसल्या नाहीत. मला जैन धर्मातलं फारसं कळत नाही, पण त्या बाईने कशाचा त्याग केला ते मला कळलं.

दिवाळीनंतर जिनल सरळ रेषेत धावायला लागली. सकाळी सहाला मी सायकलवर आणि ती माझ्या पुढे. तिने एकही दिवस चुकवला नाही. ताप आला त्या दिवशीही बसून मांडी आवळली. मी तोंडाने ‘सावकाश’ म्हणायचे आणि मनात जानेवारीचे दिवस मोजायचे.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मैदानावर टेप घेऊन गेलो. जागृतीने टेप धरला. डावा पाय, एकशेचाळीस सेंटिमीटर. उजवा, एकशेअठरा. पुन्हा उडी मारली, पुन्हा एकशेअठरा. नव्वद टक्क्यांना एकशेसव्वीस हवे होते.

आणि मी, बारा वर्षांची शहाणी शिक्षिका, काय म्हणाले? “आठच सेंटिमीटर! चार बोटं. नी कॅप घालू. तुला पूर्ण वेळ नाही ठेवणार, फक्त बसून राहा, दोन खो घे, निवड समितीला दिसली म्हणजे झालं.”

महावीरभाऊ दुकान सोडून आले होते. ते म्हणाले, “मॅडम, डॉक्टर नऊ महिना सांगस. पण तुम्ही सांगशात तसं. पोरगीना जीव टांगेल शे.” त्यांनीही माझ्यावर सोडलं. माझ्यावर सोडू नये, हे तोवर सगळ्यांना कळायला हवं होतं.

जिनलने जागृतीच्या हातातून टेप घेतला आणि शांतपणे गुंडाळला. मग माझ्याकडे बघून बोलली. आवाज चढवला नाही.

“मॅडम, त्या दिवशी तुम्ही ऊठ म्हणालात म्हणून मी उठले. माझी गादी त्या दुसऱ्या वेळी फाटली. मला माहीत आहे, डॉक्टर बोलले तेव्हा मी पण तिथेच होते.” “मला राज्याला जायचंय. तुमच्यापेक्षा जास्त जायचंय. पण उद्या मी खेळणार नाही.”

तेरा महिने मी डॉक्टरांचं ते वाक्य पोटात दाबून ठेवलं होतं आणि ही पोरही तेरा महिने ते जाणून होती, तरी रोज सकाळी माझ्यासोबत धावायला येत होती. “मन्ही चूक व्हती, बेटा,” मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. घरात आईशी बोलते ती अहिराणीच तोंडात आली. “मन्हीच चूक व्हती.” तिने टेप माझ्या हातात दिला आणि ती जागृतीला सराव द्यायला खांबाशी जाऊन उभी राहिली, पळणारी कुठून निसटते ते ओरडून सांगत. दुसऱ्या दिवशी जागृती निवडली गेली. जिनलचं नाव त्या गटाच्या कुठल्याच यादीत आता येणार नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी सहाला मात्र रस्त्यावर हजर होती.

एप्रिलमध्ये खुल्या गटाची, म्हणजे मोठ्या बायकांची, जिल्हा चाचणी झाली. ऑपरेशनला दहा महिने झाले होते, उजव्या पायाची उडी एकशेछत्तीस भरली होती आणि डॉक्टरांनी कागदावर परवानगी लिहून दिली होती. या गटाच्या निवड समितीत माझंही नाव होतं, ते मी स्वतःहून काढायला लावलं. बाकावर बसले आणि शिट्टी पिशवीत टाकली, कारण तोंडात असती तर मी वाजवली असती.

जिनल चौकटीत उकिडवी बसली. पहिला खो मिळाला, उठली, चार पावलं धावली, खो दिला, बसली. बसल्या बसल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. दुसरा खो, पुन्हा तेच. तिसरा, चौथा, दर वेळी बसलं की आधी गुडघ्यावर नजर. पळणारी पोलिसात नोकरीला लागलेली, पंचविशीची, अनुभवी बाई. तिने हे हेरलं आणि मुद्दाम जिनलच्या बाजूच्या खांबाकडे वळली. तिथे उजव्या पायावरच वळावं लागतं.

जागृतीने खो दिला. जिनल उठली, सुसाट गेली आणि खांबाला आतून, अगदी आतून वळसा घातला. अख्खं अंग उजव्या पायावर. मी डोळे मिटून घेतले असते, पण तेवढाही वेळ मिळाला नाही. ती वळून पलीकडे निघाली, अंग झोकून हात लांब केला. बाई दोन बोटांनी निसटली.

जिनल मातीत आपटली आणि किंचाळली. मी उठून दोन पावलं पुढेही गेले. मग शब्द कानावर आले. ती भिलीत शिव्या देत होती, स्वतःलाच, हात कमी पडला म्हणून. दोन्ही तळवे मातीवर आपटून ती उभी राहिली, तोंडातली माती थुंकली आणि पळणारीच्या मागे सुटली. गुडघ्याकडे बघायचं ती साफ विसरली होती.