नडगीच्या पट्ट्या

शहादेवचा राग रास्त होता. तो कुणीच मनावर घेतला नाही, मीही नाही. मी आपला हलगी बडवत राहिलो.

आमच्या मर्दानी खेळाच्या पथकातल्या तलवारी-ढाली तो सांभाळायचा. धार घासून बोथट करायची, टोकं गोल करायची, फेट्याखाली गोधडीची जाड घडी बसवायची. अठरा सालच्या दुष्काळात चारा संपला, जनावरं बाजारात गेली आणि गावची दूध संस्था बंद पडली. तिथले चेपलेले कॅन त्याने मांजरसुंब्याच्या शफी मिस्त्रीकडून कापून आणले आणि नडग्यांना बांधायच्या पट्ट्या केल्या.

नियम असा, की वार कमरेच्या वरच करायचा. पण आमची सगळी पोरं ऊसतोडीची. सहा महिने कोयता उसाच्या बुडख्याशी, जमिनीलगत घालणारा हात, रंगात आला की आपसूक खाली जातो. हे एकट्या शहादेवने हेरलं होतं.

"डोकं झाकता अन् नडगी उघडी! कामून रं?" तो ओरडायचा.

"मावळ्याच्या पायाला दुधाचा कॅन? लोक हसतील," त्याचा धाकटा भाऊ बंकट म्हणायचा, आणि सगळे खिदळायचे. शहादेव चरफडत पट्ट्या पोत्यात भरायचा. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन पुन्हा हजर.

दसऱ्याला खेळ होता. तिसऱ्या दिवशी टोळी कारखान्याला निघणार होती. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बंकट पडला की त्याच्या बायकोचा, केशरबाईचाही हंगाम गेला. शहादेवने भावाला दम भरून पट्ट्या बांधायला लावल्या. रिंगणात शिरताना बंकटने त्या सोडून माझ्या मागे टाकल्या. मी पाहिलं. बोललो नाही. याची मला आजही लाज वाटते.

हलगी चढली आणि बंकटशी खेळणाऱ्या गहिनीनाथचा हात थेट बुडख्याला गेला. बोथट तलवारीनेही हाड मोडतं.

तिसऱ्या दिवशी बंकट प्लास्टर घालून बाजेवर बसला होता. "दादा, फोटो लई भारी आलाय बघ," म्हणाला. शहादेवने त्याला मारायचंच बाकी ठेवलं.

दारात ट्रॅक्टर उभा होता. केशरबाईने जोडीला माहेरचा भाऊ बोलावला होता. तिने पोत्यातून पट्ट्या काढल्या, खाली बसून स्वतःच्या नडग्यांना आवळल्या आणि वरून लुगडं सोडलं.

"भाऊजी, माझ्या भावानं कवा कोयता धरला न्हाई," ती शहादेवला म्हणाली. "त्याचा हात कुठं जाईल, काय सांगावं?"

त्या पट्ट्या कुणी न सांगता बांधल्याचं शहादेवने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो भर दारात रडला.