दोरीवरची साडी

पावसाळा सरला की धरणात गाळ उरतो आणि आमच्या घरात किस्से. आमचे हे धरणांची तपासणी करतात. आम्ही राहतो बेळगावात, अनगोळला. पण माझं माहेर नेमकं एका धरणाच्या पायथ्याशी, निपाणीकडे. त्यामुळे यांची तपासणी सुरू झाली की माझे उपास सुरू!

*

लग्नानंतर यांनी पहिल्यांदा सांगितलं, की मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतच असतं. मी हातातली निरांजनं खाली ठेवली.

"मग आईचं काय?"

"नितळ येतंय तोवर भ्यायचं नाही. गढूळ आलं, म्हणजे आतली माती निघाली."

तेव्हापासून यांचा फोन आला की मी एवढंच विचारते, "नितळ?"

"नितळ." मग मी जेवते.

*

यंदा श्रावणात नदीकाठ निसरडा झालेला. म्हणून आईनं आणि बायकांनी नदीची ओटी भरली ती धरणाच्या पायथ्याच्या चरावर. झिरपलेलं पाणी तिथूनच वाहतं. खाली हे वाकून पाणी बघत होते. पाणी पिवळं, गढूळ!

हे चराच्या कडेनं वर पळत सुटले. एक बूट चिखलातच राहिला. वर बघतात तर आई हळदीचं ताट विसळतेय.

"थांबा की जावईबापू, ताट तेवढं धुऊ द्या."

हे मटकन दगडावर बसले. आईनं हातावर प्रसाद ठेवला.

*

पण यांना पळताना गावानं पाहिलं होतं. संध्याकाळी सगळे देवळात जमले. शेजारचे आप्पा म्हणाले, "धरण चांगलं हाय, तर सायेब, पळालासा कशाला?"

"हळद होती, आप्पा."

"हळदीला कोण पळतंय? धरण खरंच चांगलं आसंल, तर आमच्या आक्काला पाणी उतरंपतूर माहेरी ठिवा."

मी गावची लेक, म्हणून गावाची आक्का. हे लगेच "ठेवतो" म्हणाले. माहेरपण मिळालं खरं, पण घास काही गोड लागेना.

*

रोज सकाळी लोक आमच्या अंगणात डोकावायचे. दोरीवर माझी साडी दिसली की म्हणायचे, "आक्का हाय. चला रं शेताकडं."

एक दिवस पाऊस लागला, म्हणून साडी आत वाळत घातली. तर शेजारच्या काकूंनी दावी सोडून म्हशी रस्त्याला लावलेल्या.

*

शेवटी माझ्या शुक्रवारच्या व्रताचं उद्यापन आलं. ते जोडीनं, आपल्याच देवघरात करायचं. हे मोटारसायकलवर न्यायला आले. मी आधी विचारलं, "नितळ?"

"नितळ."

दोरीवरची साडी काढली, आईच्या पाया पडले आणि गाडीवर बसले.

वेशीपाशी मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. आप्पा चालवत होते. ट्रॉलीत गाद्या, गॅसची सिलिंडरं, पोरं, दोन शेळ्या आणि सगळ्यांत वर, मांडीवर देव्हारा घेऊन माझी आई.

यांनी गाडी थांबवली. "अहो आप्पा, धरण ठीक आहे. मी स्वतः बघून आलोय."

"व्हय की. ठीकच हाय," आप्पा म्हणाले. "आमी आपलं उद्यापनाला निघालोय."