खवीसाचा बुरखा

रविवार, १७ फेब्रुवारी १९८५. नळाला पाणी साडेसहापर्यंत. शेवंती भांड्यांना आली नाही. बुरख्याची नाडी बदलली. तीन वाजता मरोळ. बुरखा बांधताना सहदेवच्या मानेला तिळाच्या तेलाचा वास आला.

एवढं मी मैदानावरच, कुस्ती सुरू व्हायच्या आधी, मांडीवर वही घेऊन लिहिलं आणि वही मिटली.

सहदेव अंधेरीला आमच्याच चाळीत, खालच्या मजल्यावर राहायचा. मूळचा मालवणकडचा. आठवडाभर परळच्या गिरणीत आणि रविवारी फ्री-स्टाइल कुस्तीत ‘काळा खवीस’. विजयध्वज कंपनीच्या कुस्त्या आधी ठरलेल्या असत. कोण जिंकणार, कोण कधी पडणार, सगळं ठरलेलं. खवीस नेहमी हरायचा, पण लोकांसमोर त्याचा बुरखा कधी उतरायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. तो बुरखा मी शिवायचे. शिवण मला शाळेत सिस्टरांनी शिकवलं. त्याचा हा उपयोग त्यांना आवडला नसता.

आमचे हे पंचावन्न सालापासून कंपनीत घंटा वाजवायचे. घंटेआधी दोन्ही पैलवानांच्या मानेवरून आणि तळव्यांवरून पांढरा रुमाल फिरवायचे. लोक त्यालाही टाळ्या देत. मला तो खेळातलाच भाग वाटायचा. दर शनिवारी मी त्या रुमालाला इस्त्री करायचे. तो कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

सदुसष्ट साली कंपनी बंद पडली. पुढे हे गेले. संपानंतर सहदेवची गिरणीही गेली. तीन वर्षं तो जिन्यात बसून असायचा. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस वर आला.

“वयनी, कंपनी परत उभी करतंय. बुरखो शिवतल्यात?”

“बावन्न वर्षांचा झालास तू.”

“खवीसाक वय असता काय?”

दुसऱ्या दिवशी त्याची बायको रुक्मिणी आली. उभ्याउभ्याच म्हणाली, “वयनी, शिवू नकात. बुरखो नसलो तर ते कुस्तीक उतरूचे नाय.”

सहदेवच्या मानेचं हाड झिजलं होतं. डावा हात बधिर व्हायचा. पुन्हा एकदा मानेवर पडलास तर हातपाय जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रुक्मिणी मला हे सांगून गेली. त्या तारखेच्या पानावर ते सगळं आहे. त्याच्या पुढच्याच पानावर बुरख्याचं माप आहे. मी शिवायला का घेतला, ते कुठेच लिहिलेलं नाही.

समोरचा पैलवान म्हणून त्याने कुंडलिकला आणलं. साताऱ्याकडचा, तालमीतल्या मातीत वाढलेला, मरोळच्या कारखान्यात कामाला. सहदेवला तो वस्ताद म्हणायचा. शेवटी कुंडलिकने खवीसाला मानेला आणि कमरेला धरून डोक्यावर उचलायचं आणि अलगद पाठीवर टाकायचं, असं ठरलं. गच्चीवर दोन गाद्या घालून त्यांनी हे चाळीस वेळा केलं. मी मोजलं होतं. एकदाही हात सुटला नाही.

मैदानावर तंबूच्या कनातीआड कुंडलिक सहदेवचे खांदे चोळत बसला होता.

“पुरे रे, सरावाक नाय चोळलंस कधी,” सहदेव म्हणाला.

“सराव येगळा, वस्ताद. आज कुस्ती हाय. वस्तादाला चोळल्याबिगर अंगाला हात लावायचा कसा?”

सहदेव हसला. वीस वर्षांत त्याला कुणी असं मानलं नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले. मी बुरखा बांधला. तेलाचा वास आला तो तेव्हा. दुखऱ्या मानेला बरं, असं मला वाटलं.

तालमीत अंगाला तेल असलं तरी वरून माती चोळतात, मग पकड बसते. इथे खाली ताडपत्री होती. घंटा मीच वाजवली. ह्यांचा रुमाल माझ्या पर्समध्ये होता, इस्त्री केलेला, घडीचा.

सगळं ठरल्यासारखं चाललं. मग कुंडलिकने त्याला उचललं. डोक्यावर नेला तेव्हा मानेवरचा हात घसरताना मला दिसला. खवीस खाली मानेवर आदळला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “खवीस झकास मेला रे.” कुंडलिक आपल्या तळव्यांकडे बघत होता. मग त्याने ते आपल्या पायांवर पुसले, पुन्हा पुन्हा. रुमाल कशासाठी होता, ते मला कळलं. ते कळायला मला तीस वर्षं लागली.

“पाय खंय असत माझे?” सहदेव बुरख्यातून विचारत होता. लोकांसमोर बुरखा तो उतरवू देईना. तसाच त्याला टॅक्सीत घातला.

इस्पितळात मी गाठ सोडली. डॉक्टरांनी त्याच्या तळपायावरून किल्ली ओढली. पाय हलला नाही. दुसऱ्यावरून ओढली. रुक्मिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. बुरखा तेवढा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “ह्यो तुमचो.”

घरी येऊन मी वही उघडली आणि दुपारच्या ओळींखाली लिहिलं: बुरखा सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातला. सोडा संपला, उद्या आणायचा.