तीनशे बारा

ह्यांच्या नव्या गाडीचा आवाज होत नव्हता, तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली. आधीची डिझेलची गाडी पिठाच्या गिरणीपाशी वळली की मला स्वयंपाकघरात कळायचं. मी तवा चढवायची, आणि हे जिना चढून वर येईपर्यंत पहिली भाकरी टोपलीत पडलेली असायची. विजेची गाडी आली आणि माझा हा सगळा अंदाज मोडला. मागं वळून बघावं तर हे दारात उभे, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहऱ्यावर हसू. एकदा दचकून मी हातातलं उलथनं फेकून मारलं. "भट्टीवर गेलतो, पाणी दे," एवढंच म्हणाले.

आता हे नाहीत आणि ती शांतता तेवढी मागं राहिली आहे. आवाज नाही म्हणजे हे आले असतील, अशी कानांना सवय लागली ती लागलीच. दुपारी कॉलनीत सामसूम झाली की मी गॅलरीत जाऊन खाली बघते. गाडी पार्किंगमध्ये असते. असणारच, नेणार कोण? तरी बघते. कुणी वेड लागलंय म्हणालं तर मी भांडायला जाणार नाही.

हे गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत होते. उमेदीची सगळी वर्षं भट्टीपुढं गेली, शेवटी बढती मिळाली. मी शाहूपुरीतल्या शाळेतून निवृत्त झाले आणि ह्यांनी विजेच्या गाडीचा विषय काढला. किंमत ऐकून मी म्हणाले, "एवढ्यात साधी गाडी येईल आणि वर माझं स्वयंपाकघर नवं होईल." ह्यांचा हिशेब तोंडपाठ होता. "आगं, म्हैन्याला डिझेलवर जेवढं जातंय त्यात हप्ता बसतोय की. इंजनच न्हाय म्हटल्यावर ऑइल न्हाय, फिल्टर न्हाय, गॅरेजवाल्याचं तोंड बघायला नको." हिशेब खरा निघाला, हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही. ओटा मात्र अजून जुनाच आहे.

आपल्या कोल्हापुरात ईर्ष्येशिवाय काही होत नाही. गाडी आली त्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "बॅटरी उतरली तर हाक मारा, ढकलायला आम्ही हाय की." ह्यांना तेवढं पुरलं. तेव्हापासून रोज सकाळी वकिलांना गाठून आकडा दाखवायचा, हा ह्यांचा नेम झाला.

हा आकडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडी सुरू केली की स्क्रीनवर येतं, आहे त्या चार्जिंगवर ती किती किलोमीटर जाईल. डिझेलच्या काट्यासारखं ते नुसतं टाकीत किती आहे एवढंच बघत नाही. आधीचे काही दिवस गाडी कुणी कशी चालवली, पाय जड होता की हलका, हे लक्षात ठेवून ती अंदाज बांधते. बॅटरी तीच, पण दामटणाऱ्याला आकडा कमी दिसतो आणि सबुरीवाल्याला जास्त. ह्यांच्यासारखा सबुरीवाला अख्ख्या जिल्ह्यात नसेल. सिग्नल दिसला की लांबूनच पाय सोडायचे. उतारावर गाडी थोडी वीज परत भरून घेते, तेव्हा तर बोनस मिळाल्यासारखे खूश व्हायचे. पूर्ण चार्जिंगला ह्यांचा आकडा होता तीनशे बारा.

मी बसले की मात्र तीनशे बारा गायब. पौर्णिमेला आम्ही नृसिंहवाडीला जायचो. हे आधी खाली जाऊन गाडी गार करून ठेवत. मला ऊन सोसत नाही, अर्धशिशी उठते. मी जाऊन बसायची तेव्हा स्क्रीनवर दोनशे चौऱ्याऐंशी. "कुठं गेले हो तुमचे तीनशे बारा? वकिलांना फसवता काय?" मी चिडवायची.

"वजन वाढलं की गाडी जास्त खाती," हे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

माझं वजन! पुढं रात्रीचा भात सोडला, सकाळी रंकाळ्यावर चालायला जाऊ लागले. पुढच्या पौर्णिमेला हौसेनं बघितलं, तर दोनशे चौऱ्याऐंशीच. "आजून थोडी उतर की," म्हणाले. तो आकडा मला कायम टोचत राहिला. कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

थंडी सरताना हे गेले. कामावरून आले, गाडी चार्जिंगला लावली, वर येऊन जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. घर माणसांनी भरलं. पहाटे, मुलगी पुण्याहून येऊन पोचत होती तेवढ्यात, उशाशी राहिलेल्या ह्यांच्या फोनवर निरोप आला: गाडी पूर्ण चार्ज झाली आहे. मला ओरडावंसं वाटलं. कुणासाठी झाली आहे?

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी किल्ली घेऊन खाली गेले. ह्यांच्या सीटवर बसले आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली. तीनशे बारा.

हे गेले हे सगळ्यांना कळलं होतं, बँकेला कळलं होतं, गॅसच्या एजन्सीला कळलं होतं. एकट्या गाडीला कळलं नव्हतं. तिच्या हिशेबी आज हेच चालवणार होते, उजळाईवाडीच्या उतारावर हेच पाय सोडणार होते. माणसाचे कपडे राहतात, चष्मा राहतो, पण त्या वस्तू मुक्या असतात. इथं ह्यांच्या पायाचं वळण अजून जागं होतं आणि आकड्यातून बोलत होतं. ते पुसायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे दुसऱ्या कुणी गाडी चालवणं.

म्हणून मी ती कुणाला हलवू दिली नाही. रोज सकाळी खाली जायचं, बटण दाबायचं, आकडा बघायचा, बंद करायचं. उभ्या उभ्या चार्जिंग थोडं उतरलं की परत लावायचं. वकील एकदा काचेवर टकटक करून म्हणाले, "काकू, कुठं सोडू काय?" मी नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं मला गाडी येत नाही. येते चांगली. ह्यांनीच शेजारी बसून शिकवली होती. पण माझ्या हातून तरी ते कसं पुसायचं?

मुलगी फोनवर समजवायची, "आई, उभ्या गाडीची किंमत रोज उतरते. नवीन मॉडेल्स स्वस्त होत चाललीत. जुनी बॅटरी म्हटलं की गिऱ्हाईक लांब पळतं. आत्ता काढ." तिचं काही चुकत नव्हतं. तिनंच मुरगूडला काकाला सांगितलं. ह्यांचा धाकटा भाऊ, खतांचं दुकान आणि शेती. त्याला विजेची गाडी हवी होती आणि नवी परवडत नव्हती.

चैत्रात भावजी आले. उन्हाचे आले म्हणून मी पन्हं करायला आत गेले. पन्हं घेऊन बाहेर येते तर ते नाहीत आणि खुंटीवर किल्ली नाही. आवाज काहीच आला नव्हता. येणार कुठून? मी गॅलरीत धावले. पार्किंगमधली जागा रिकामी होती.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं, हेच कामावर गेले. इतकं खरं वाटलं की डबा द्यायचा राहिला म्हणून जीव चरकला. मग हातातलं पन्हं दिसलं.

भावजी तासाभरानं घामाघूम आनंदात आले. "वैनी, काय पिकप हाय वो! पाय टेकवला की सुटतीया. कागलच्याबी फुडं गेलतो. ट्रक मागं, बस मागं, समदी मागं! दादा उगंच बैलगाडीवानी चालवायचा हिला."

मी खाली जाऊन गाडी चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी आणि मी दोघं खाली गेलो. बटण दाबलं. दोनशे एकोणचाळीस.

मी भावजींना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. विचारल्याशिवाय किल्लीला हात का लावला, हे आठवतं. वकील बाहेर आले, त्यांच्या मंडळी आल्या, आणि मी पार्किंगमध्ये उभी राहून ओक्साबोक्शी रडत होते. अंत्ययात्रेच्या दिवशी रडले नव्हते इतकी रडले. भावजी पार गोंधळून गेले. "आवं वैनी, नुसता आकडा हाय त्यो. बॅटरीला कायबी झालेलं न्हाय." त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असल्याचाच मला जास्त राग येत होता. शेवटी तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला नको गाडी. तुमीच चालवा." जाताना पायाही पडले. मनानं चांगला माणूस आहे.

घालवलेलं परत आणायचं मी ठरवलं. ह्यांच्यासारखी चालवली तर गाडीला परत हे आठवतील, इतकं साधं वाटलं. रोज निघायची. शिरोली फाटा, कधी कागल. लांबूनच पाय सोडायचा, उतार आला की गाडीला तिचं काम करू द्यायचं. मागून हॉर्नचा गिल्ला. एका टेम्पोवाल्यानं बरोबरीला येऊन विचारलं, "ओ पावणं, झोपलाय व्हय?" मग आत बाई बघून जरा वरमला. मी त्याला हात केला आणि तशीच गेले. आकडा चढू लागला. अडीचशे, दोनशे साठ, सत्तर. मी घरात कुकर लावतानासुद्धा पाय हलका ठेवायला लागले होते.

आणि आकडा दोनशे चौऱ्याऐंशीला येऊन थांबला. पुढं हलेना. कितीही जपून चालवा, रोज सकाळी तेच. त्याच आकड्यानं मला दोन वर्षं टोचलं होतं. आता तर शेजारी कुणी नव्हतं, एकटं माझंच वजन होतं. म्हणजे मी एकटीच दोघांएवढी झाले काय? स्वतःवरच चिडले. ह्यांच्या पायात असं काय होतं, जे मला येत नव्हतं?

वैशाखातल्या पौर्णिमेला एकटीच वाडीला गेले. पादुकांचं दर्शन घेतलं, नदीवर हातपाय धुतले आणि तशीच ओल्या हातांनी गाडीत येऊन बसले. पुसायला काही मिळतं का म्हणून दाराच्या कप्प्यात हात घातला. खाली, पाण्याच्या बाटलीमागं, काहीतरी कडक लागलं. ओढून काढलं तर ह्यांचा चौकडीचा पंचा. भट्टीवर असताना गळ्यात असायचा तो. घामानं वाळून पापडासारखा झालेला, मिठाचे पांढरे डाग पडलेले.

हा पंचा मी कितीदा शोधला होता. आणि भट्टी तर केव्हाच सुटली होती! बढती मिळाल्यापासून हे काचेच्या केबिनमध्ये बसत होते, एसीत. मी स्वतः जाऊन बघितली होती ती केबिन. मग रोज भिजलेला शर्ट कुठून यायचा?

गाडी सुरू केली आणि माझी नजर एसीच्या बटणावर गेली. भावजींनी लावला होता, तेव्हापासून गाडी सुरू केली की तोही सुरू व्हायचा. मला गारवाच लागतो, त्यामुळं त्याला हात लावायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मी तो बंद केला. माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवरचा आकडा वर चढला.

मी पंचा तोंडावर दाबून धरला. हा माणूस एवढ्या उन्हात काचा लावून, एसी बंद करून जात-येत होता, वकिलांना आकडा दाखवायला! आणि मी बसायच्या आधी खाली जाऊन एसी लावून ठेवत होता. आकडा पडलेला मला दिसू नये म्हणून. तुझ्यासाठी लावतो असं म्हणाले असते तर मीच बंद करा म्हटलं असतं, आणि अर्धशिशी घेऊन घरी आले असते. त्यापेक्षा माझ्या वजनावर ढकलून मोकळे झाले. माझा भात बंद केला या माणसानं!

हसू आलं आणि ते हसणं मध्येच भलतीकडं गेलं. पेढेवाल्यानं दुकानातून वाकून बघितलं.

येताना एसी लावला नाही. शिरोळ, जयसिंगपूर, हातकणंगले. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. घाम डोळ्यांत जायला लागला की पंच्यानं पुसायची. डोकं ठणकायला लागलं तरी काचा खाली केल्या नाहीत, वाऱ्यानंही आकडा पडतो असं हे म्हणायचे. त्या भट्टीत मला सारखं वाटत होतं, हे माझ्या हातांवर हात ठेवून चाक फिरवत आहेत. घरी पोचून गाडी चार्जिंगला लावली आणि अंधाऱ्या खोलीत संध्याकाळपर्यंत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले, बटण दाबलं. तीनशे बारा.

हे परत आले होते. मी आणले होते. वकील पेपर घेऊन चालले होते, त्यांना हाक मारून दाखवला. "साहेबांचाच की हो!" ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत उभे राहिले.

ते गेल्यावर मी एसी लावला. आकडा खाली आला आणि दोनशे चौऱ्याऐंशीवर थांबला. आम्ही दोघं असताना असायचा तोच. गाडी हळूहळू गार झाली. मी डावीकडच्या सीटवरची पर्स उचलून मागं ठेवली, ती सीट मोकळी केली, आणि निघाले.