पहले आप

लखनौच्या निशातगंजात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा तो माणूस सतत पाय हलवायचा, टेबलही थरथरायचं. चहाचा पहिला घोट समोरच्याला घ्यायला लावायचा. मी ती लखनवी अदब समजत असे.

ताईच्या लग्नाचं काम अर्ध्यावर असताना सॉफ्टवेअरच्या लायसन्सची मुदत संपली. लग्नानंतर आई गेली होती. त्या व्हिडिओतच तेवढी ती हसत होती. त्याने नवी लायसन्स-की टाकली, चुकली तर सगळं काम उडेल म्हणत अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"एंटर आप दबाइए, भाईसाहब."

मी दाबलं. स्क्रीन काळी झाली. टेबल थरथरायचं थांबलं. मग आई दिसली.

"उड़ जाता, तो आपके हाथ से उड़ता," तो सुटल्यासारखा हसला.

चहा आला. पहिला घोट मी त्याला घ्यायला लावला.