शिरूर–दौंड लोकल, विहीर सोडून

बोलायच्या आधी तो उजवा हात रेल्वेच्या जुन्या सिग्नलसारखा खांद्यातून आडवा धरायचा. मग म्हणायचा, "थांबा मामा, सिग्नल पडू द्या." हात खाली आला की बोलणं सुरू. चहा सांगायचा असला तरी हेच. दौंडच्या रेल्वे चाळीत वाढलेला माणूस, दुसरं काय होणार! तुमच्याही गल्लीत असा एखादा नमुना असेल, नीट आठवून बघा.

शिरूरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. वरच्या खोलीत तो भाड्याने राहायचा, एमआयडीसीत फिटर होता. चाळिशी आलेली, लग्नाचं नाव नाही. शिफ्ट सुटली की लॅपटॉप उघडून आगगाडी चालवायचा. गेम हो, गेम! खुर्चीत ताठ बसून भोंगा द्यायचा आणि खाली माझं गिऱ्हाईक दचकायचं. मी ओरडायचो, "अरे घोड्या, वय काय तुझं?" वरून उत्तर यायचं, "मामा, स्टेशन आलंय, मग बोलतो."

सुट्टीला तो एसटीने दौंडला जायचा, आईकडे. आई मात्र इकडे कधी आली नाही. तिला बस लागायची. गाव सुटायच्या आत उलटी. "रेल्वेनं म्हणाल तर ती काशीला जाईल," तो सांगायचा, "पण शिरूरला रूळच न्हाईत. माझी खोली तिनं अजून बघितली न्हाई." हसत सांगायचा.

त्या गेमवाल्या कंपनीने खेळणाऱ्यांना विचारलं होतं, नवा मार्ग सुचवा, ज्याला जास्त पाठिंबा तो आम्ही बनवू. झालं! पठ्ठ्याने शिरूर–दौंड लोकल सुचवली. नकाशावर लाल रेघ मारली, न्हावऱ्याला थांबा दिला, भीमेवर पूल टाकला. "आईला लॅपटॉपपुढं शेजारी बसवणार," म्हणाला, "आन् दौंडातनं थेट माझ्या दारात आणणार." डोळे भरले होते त्याचे. पाठिंबा मिळावा म्हणून त्याने नकाशा व्हॉट्सॲपवर टाकला. वर लिहिलं, 'शिरूर–दौंड लोकल, प्रस्तावित मार्ग', आणि खाली गेमचं नाव. पुढे पाठवता पाठवता कुणीतरी फोटो कापला आणि खालची ओळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानासमोर दोन जीप येऊन थांबल्या. पुढे आबा. मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. लाल रेघ त्यांच्या उसातून गेली होती. "कुठं हाय त्यो रेल्वेचा?" मी शटर अर्धं ओढलं. तेवढ्यात हा शहाणा लॅपटॉप काखेत मारून खाली आला.

"माझ्या विहिरीवरनं रूळ न्हेतोस व्हय रं?"

"आबा, खेळ हाय हा. खरी रेल्वे न्हाई."

"खेळ? माझ्या जमिनीचा खेळ?"

दुसऱ्या कुणी हात जोडले असते. याने लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवला. "बघा, खोटं हाय. ही रेघ मी आत्ता सरकवतो." आणि विहिरीवरची रेघ खरोखर बाजूला घेतली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! मागून आबांचे चुलतभाऊ पुढे घुसले. बांधावरून दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. "म्हंजी आता माझ्या गोठ्यातनं? तुमचं आधीच ठरलं हुतं!"

"अरं, म्हंजी रेघ ह्योच ठरवतो!" कुणीतरी ओरडलं. मग एकच गलका. एकाला स्टेशन हवं, दुसऱ्याला रूळ नकोत, तिसरा याची गचांडी धरतोय. चुलतभावांच्या पोराने जीपमधून उसाचा कोयता काढला. मी काउंटरमागे सरकलो.

याने हात आडवा धरला. "थांबा!" त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "माझ्या आईला शिरूर दाखवायचं हुतं. तिला बस लागती. म्हणून काढली रेघ. दुसरं काय न्हाई."

आबांनी कोयत्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पूस," ते हळू म्हणाले.

उजवा हात तसाच आडवा ठेवून त्याने डाव्या हाताने रेघ पुसली. दौंड, पूल, न्हावरं, सगळं गेलं. कोयता परत जीपमध्ये गेला. लोक पांगल्यावर मी म्हणालो, "गुपचूप पुन्हा काढ रे." त्याने मान हलवली. "न्हाई मामा. कुणाचा तरी जीव गेला असता." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू!

त्या दिवसानंतर वरून भोंगा कधी ऐकू आला नाही. पुढे आईचा दमा वाढला, तेव्हा नोकरी सोडून तो दौंडलाच गेला. दिवाळीनंतर कळलं, म्हातारी गेली.

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, ऊसतोड सुरू झाली, तेव्हा एके दुपारी आबा एकटेच दुकानात आले. मोबाईल पुढे केला. त्यात तोच कापलेला नकाशा, लाल रेघेसकट.

"त्यो पोरगा कुठंय? त्याला म्हणावं, परत काढ. विहीर सोडून. आमची लेक दौंडात दिलीय, आन् आमच्या मंडळींनाबी बस लागती." मग जरा लाजत म्हणाले, "त्याच्या आईला घेऊन ये म्हणावं त्या गेममधनं. मीबी बघतो."

मी सांगितलं, त्याची आई गेली.

आबा मोबाईलकडे बघत राहिले. "म्हंजी शिरूर बघायचं ऱ्हायलंच व्हय तिचं?"

मला काहीतरी बोलायचं होतं. माझा उजवा हात आपोआप आडवा झाला. आबा थांबले. हात काही लवकर खाली येईना.